संगमरवर नंतर बघू, आधी नावं शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणात, साताऱ्यात, रायगडात कितीतरी गावं अशी आहेत की तिथे चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहानसा दगड बसवलेला दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेला. त्यावर एवढंच असतं की या गावातून अमुक माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या अमुक जणांनी प्राण दिले. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, काही ठिकाणी मराठीतही. आकडा असतो, नाव एकाचंही नसतं. आमच्या गावात पण असा दगड आहे, खेड तालुक्यात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाहीये. पण विषय एकट्या आमच्या गावाचा नाही, मुंबईत ज्यांची ज्यांची गावमंडळं आहेत त्या सगळ्यांचा आहे, म्हणून तुमच्या पेपरातून लिहिते आहे.

तर आमच्या मुंबई मंडळाने ठरवलंय की त्या दगडाच्या जागी आता मोठं "वीर स्मारक" करायचं. चांगली गोष्ट आहे, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. परळला मीटिंग झाली, इस्टिमेट वाचून दाखवलं. काळा ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, रात्रीचे एलईडी, झेंड्याचा खांब, मधोमध बंदूक आणि हेल्मेट, आणि एका बाजूला संगमरवरी पाटी ज्यावर ठरावीक रकमेच्या वर वर्गणी देणाऱ्यांची नावं. आणि सैनिकांची नावं? तर म्हणे जुन्या दगडावर नव्हती म्हणून आपण पण "ज्ञात-अज्ञात वीरांना अभिवादन" असं लिहू, आता शंभर वर्षांनी कुठे शोधत बसणार. मी तिथेच उभी राहून बोलले, पण मीटिंगमध्ये बायकांचं बोलणं चहा येईपर्यंतच ऐकतात, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

जुन्या दगडावर नावं का नाहीत हे आधी समजून घ्या. आमच्या भागातून जे पहिल्या महायुद्धावर गेले त्यातले पुष्कळ मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आताचा इराक, आमची जुनी माणसं साधं "बसऱ्याला गेला" असं म्हणायची. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्यातलेच. सहावी पूना डिव्हिजन नावाची आख्खी फौज तिकडे होती, त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून कुत नावाच्या तिकडच्या शहरात, तुर्कांच्या वेढ्यात, ही माणसं अडकली, घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, शेवटी 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि सुमारे 13 हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. पुढे वाळवंटातून चालत नेलं त्यात भुकेने आणि आजाराने किती मेले. तिकडे बसऱ्याला 1929 साली मोठं स्मारक उभं केलं, 40 हजारांहून जास्त मृतांसाठी. आणि त्या स्मारकावर काय केलं माहितीय का, इंग्रज मेले त्यांची नावं कोरली, आपल्यातले सुभेदार-जमादार यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा लिहिला, "आणि इतर इतके हिंदी सैनिक". ज्यांच्याकडे ह्या स्मारकांचं काम आहे त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतः एप्रिल 2021 मध्ये अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या 45 ते 54 हजार मृतांना, ज्यात हिंदी आणि आफ्रिकन लोक मुख्य आहेत, गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरणात ठेवलं गेलं नाही, आणि माफी मागितली.

म्हणजे ज्यांनी आपल्या माणसांचा आकडा केला त्यांनी शंभर वर्षांनी का होईना चूक मानली. आणि आपण आपल्याच पैशाने, आपल्याच गावात, ग्रॅनाइटवर परत तोच आकडा कोरायला निघालोय. हे मला सहन होत नाही, खरंच होत नाही.

नाव असलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढताना मेलेल्या 49 जणांची नावं तिथे आहेत, त्यातली 22 नावं शेवटी "नाक" असलेली, म्हणजे महार सैनिकांची. ती नावं दगडावर होती म्हणून पुढच्या पिढ्यांना कळलं की आपले पूर्वज इथे होते. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले. आता विचार करा, त्या स्तंभावर जर नुसतं "49 सैनिक" असं असतं तर कुणाला काय कळलं असतं? इंग्रजांनीच नंतर 1890 च्या आसपास महारांची भरती बंद केली, आमच्या दापोली-महाडकडच्या पेन्शनर लोकांनी, गोपाळबाबा वलंगकर त्यातले मोठे नाव, अर्ज लिहिले की आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पलटणीत नोकरी केलीय, आम्हाला परत घ्या. 1917 साली 111 नंबरची महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर 1921 ला मोडली पण. परत महार रेजिमेंट झाली ती 1941 ला. आमच्या गावातल्या बौद्धवाडीत अजूनही पलटणीच्या गोष्टी सांगतात, पण दगडावरच्या आकड्यात ते लोक धरलेत की नाही हे कोण सांगणार? आकडा बघून ज्याला त्याला वाटतं की ते आपल्याच वाडीतले.

आता मंडळातले म्हणतात शोधायचं कुठे. मला जेवढं माहीत आहे ते सांगते, कारण मी स्वतः हे थोडंफार केलंय आणि हे होण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, त्याच वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट फुकट आहे, त्यावर नाव टाकून शोधता येतं. हिंदी शिपायांच्या नोंदीत कितीदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी असं सगळं लिहिलेलं असतं. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं त्यांच्या रजिस्टरात होती, ती आता इथे दिसतात. फक्त स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाने लिहिलेलं, त्यामुळे गावाचं नाव चार-पाच प्रकारे टाकून बघावं लागतं, आणि शक्यतो गावातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, कारण धोंडूचं काय आणि बाळूचं काय होऊन बसलंय ते त्यालाच ओळखू येतं. पण तिथे फक्त मेलेले सापडतील हे लक्षात घ्या, जिवंत परत आलेले नाहीत.

त्यांच्यासाठी घरात बघा. पहिल्या महायुद्धाची मेडलं असतात, घरात त्याला बिल्ला म्हणतात, चांदीचं असतं, त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन बघितलं की दिसतं. कितीतरी घरांत हे बिल्ले पोरांना खेळायला दिले, कितीतरी सोनाराकडे गेले, पण काही पत्र्याच्या पेटीत अजून पडलेले आहेत. मग पेन्शनची कागदपत्रं, डिस्चार्जचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या. शाळेचं जनरल रजिस्टर. आणि जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसीलला खेटे घालून 1900 सालची नोंद काढतात ना? तेच पुस्तक. दाखल्यासाठी निघतं तर ह्यासाठी का नाही निघणार.

आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष पलटणीत गेले, मागे कोण राहिलं होतं? कुणाची वाट कुणी बघितली, कुणाचं कुंकू कधी पुसलं, कुणाची बायको नवरा येईल म्हणून वीस वीस वर्षं मंगळसूत्र घालून राहिली, हे सगळं बायकांच्या तोंडी आहे. माझ्या आजीने जात्यावर बसून सांगितलेली नावं आमच्या घरातल्या कुठल्या कागदावर नाहीत, पण त्यातलं एक मला वेबसाइटवर सापडलं, पलटणीसकट. तेव्हा मला रडू आलं, सांगायला लाज नाही वाटत.

आता दुसरा मुद्दा, आणि ह्यावर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त आवाज चढले. "सैनिक" म्हणजे कोण? माझं म्हणणं, जे जे लढाईच्या कामावर गेले ते सगळे. पलटणीबरोबर पाणी वाहणारे भिस्ती, आचारी, खेचरं हाकणारे, लेबर कोअरमधले मजूर, हे पण गेले आणि मेले, फक्त त्यांच्या हातात बंदूक नव्हती. आणि आमच्या कोकणचे खलाशी! रत्नागिरी जिल्ह्यातून, खास करून मुसलमान मोहल्ल्यांतून, डेकवरचे खलाशी, टंडेल, सारंग, सुकाणी असे पिढ्यानपिढ्या बोटीवर जायचे. दोन्ही युद्धांत पाणबुड्यांनी बोटी फोडल्या तेव्हा हे लोक बोटीबरोबर गेले, कबर नाही, काही नाही, समुद्र हीच कबर. त्यांचं स्मारक कुठे आहे माहितीय? इथेच मुंबईत, मस्जिद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातल्या 2 हजारांहून जास्त दर्यावर्दी लोकांचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या युद्धातल्या 6 हजारांहून जास्त लोकांची नोंदवही आहे जिची जोडीची प्रत चितगावला आहे. आपण रोज हार्बर लाइनने तिथून जातो, मस्जिद स्टेशनवर उतरून ड्रायफ्रूट आणि मसाले घेतो, आणि आपल्याच तालुक्यातल्या माणसांची नावं तिथे आहेत हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मला स्वतःला हे आमच्या गावच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी सांगितलं, त्यांच्या आजोबांचं जहाजावरचं पुस्तक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. त्यांना स्मारकाच्या मीटिंगचं बोलावणंच नव्हतं. का नव्हतं? ते पण गावचेच ना. वर्गणी मागायला मात्र मंडळ सगळ्यांकडे जातं, आणि ते देतात.

एक जण म्हणाले, हे सगळे इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कसलं कौतुक, आपण फक्त 1947 नंतरचे घेऊ. मी त्यांचा राग समजू शकते. पण जरा त्या काळात जाऊन बघा. कोकणात खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी होती, ती 1949 च्या कायद्याने गेली, तोपर्यंत कुळाच्या घरात भात पिकलं तरी किती राहायचं. शिपायाला महिन्याला 11 रुपये पगार होता. एक पोरगा गिरणीत, एक पलटणीत, एक बोटीवर, असं करून घरं जगली. 1918 साली गांधीजी स्वतः गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले होते, मग आमच्या खेडच्या शेतकऱ्याच्या पोराला काय जाब विचारायचा? आणि त्याच इंग्रजांच्या गणवेशातली पोरं फेब्रुवारी 1946 ला इथे मुंबईत उठली, कुलाब्याच्या "तलवार" नावाच्या नौदलाच्या तळावरून खलाशांचं बंड सुरू झालं, त्यांच्या पाठिंब्याला परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. त्या बंडातले कितीतरी खलाशी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले होते. मग त्यांना कुठल्या खान्यात टाकायचं, इंग्रजांच्या की आपल्या? माणसं अशी खान्यात बसत नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, नाईक होते, 10 जुलै 1944 ला इटलीत एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावात पुतळा आहे. माणगावच्या लोकांना कधी वाटलं का की हे इंग्रजांचे होते? आपलं पोरगं होतं, म्हणून पुतळा उभा केला.

शिवाय 1947 नंतरच्यांची सोय निदान दिल्लीत झालीय. फेब्रुवारी 2019 ला राष्ट्रीय समर स्मारक झालं, तिथे 25 हजारांहून जास्त जवानांची नावं ग्रॅनाइटवर आहेत, एकेकाचं वेगळं. 2023 मध्ये "मेरी माटी मेरा देश" मध्ये गावोगाव शिलाफलक बसले. ते चांगलंच झालं. पण त्याआधीचे कुणाकडे बघणार? साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातल्या 46 जणांनी प्राण दिले, त्या गावाने ते विसरू दिलं नाही, गावाच्या नावातच मिलिटरी आहे. आमच्यासारख्या लहान गावांना असं नाव नाही, टीव्हीवाले पण येत नाहीत, आमच्यासाठी त्या भिंतीतल्या दगडाशिवाय काही नाही.

परत आलेल्यांबद्दल पण बोलायचंय. स्मारक म्हटलं की फक्त मेलेले, असं आपण धरून चालतो. जे परत आले त्यांचं काय झालं? काहींचे पाय गेलेले, काही तुर्कांच्या कैदेतून आलेले, काही कुणाशी बोलायचेच नाहीत. आता हयात असलेले 1965 चे, 71 चे माजी सैनिक आहेत, एक तर आमच्या वाडीतलेच, सत्तरी उलटून गेली, गणपतीला गावी भेटले तर खुर्ची घेऊन मागे बसलेले असतात. त्यांना स्टेजवर शाल-श्रीफळ देतात आणि लगेच पुढचा कार्यक्रम. त्यांच्याकडून कुणी लिहून घेतलंय का ते कुठे होते, कोण बरोबर होतं? मंडळातल्या तरुण पोरांकडे मोबाइल आहेत, दिवसभर रील काढतात, एक दिवस ह्या काकांचं बोलणं रेकॉर्ड करा ना. त्यांना गावातल्या आधीच्या पिढीचे पेन्शनर आठवतात, अर्धी यादी तिथेच मिळेल.

मी मंडळाला लेखी दिलंय ते थोडक्यात इथेही लिहिते, कुणाला उपयोग झाला तर होईल. जुना दगड काढायचा नाही, फोडायचा नाही, आणि कृपा करून त्याला ऑइल पेंट लावायचा नाही, कितीतरी गावांत चांगलं दिसावं म्हणून चुन्याने नाहीतर रंगाने अक्षरं बुजवून टाकलीत. नवीन काय करायचं ते त्याच्या शेजारी करा. नावं देवनागरीत, बापाच्या नावासकट, पुढे पलटण नाहीतर जहाज आणि वर्ष. सगळी एकाच यादीत, अकारविल्हे, सुभेदार वर आणि भिस्ती खाली असं नको, मराठवाडी वेगळी, बौद्धवाडी वेगळी, मोहल्ला वेगळा असं तर अजिबात नको. आणि जेवढी नावं सापडतील तेवढी कोरून खाली जागा मोकळी ठेवा, भरपूर मोकळी, म्हणजे उद्या कुणाच्या पेटीत एखादा बिल्ला निघाला तर त्याचं नाव घालता येईल. कोरीव काम करणारा म्हणतो नंतर नाव घालणं जमतं, मी विचारून आलेय.

देणगीदारांची पाटी? पैसे देणाऱ्यांचा मान ठेवायला हवा, मंडळ वर्गणीवरच चालतं हे मला कळतं, माझ्या मिस्टरांनी पण आयुष्यभर दिलीय. पण ती नावं पावती पुस्तकात आणि अहवालात छापा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. शिपायाचं नाव नाही आणि वर्गणीदाराचं सोनेरी अक्षरात, असं स्मारक बघून गावातलं शाळकरी पोरगं काय समजेल, की लढाईवर हे वर्गणीदारच गेले होते?

ग्रॅनाइटची ऑर्डर दिवाळीनंतर द्यायची असं ठरलंय. तोवर वेळ आहे. आमच्या मंडळाने मला नावं जमवायला हरकत नाही असं तोंडी सांगितलंय, चार पोरं बरोबर दिलीत, मोहल्ल्यातल्या त्या चाचांना मी स्वतः बोलावलंय आणि पुढच्या आठवड्यात आम्ही मस्जिद बंदरला जाऊन परवानगी मिळाली तर नावं उतरवून घेणार आहोत.

संपादक साहेब, तुम्हाला एकच विनंती. 4 डिसेंबरला नौदल दिन आणि 7 डिसेंबरला ध्वज दिन येतो, तेव्हा तुम्ही दरवर्षी पुरवणी काढता. ह्या वर्षी त्यात थोडी जागा वाचकांना द्या, ज्यांच्या घरात पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धावर गेलेलं कुणी आहे त्यांनी नाव, गाव आणि पलटण किंवा बोट एवढं कळवावं असं छापा. मुंबईत प्रत्येक तालुक्याची माणसं आहेत, लालबागच्या एकेका गाळ्यात आख्खं गाव राहून गेलंय. नावं येतील. आमच्या तालुक्यातली आली तर ती मला हवी आहेत, माझा पत्ता तुमच्या कार्यालयात या पत्रासोबत दिलेला आहे.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई